जुन्या कारटेपची भाषा उलगडताना: सीडी चेंजरच्या जागी स्वतःचं सर्किट जोडण्याची पायरीवार माहिती

जुन्या गाडीतला कंपनीचा टेप काढून त्या जागी टचस्क्रीन बसवायला अर्धा दिवस पुरतो. पण त्यात बरंच काही हातचं जातं. डॅशबोर्डच्या दिव्यांशी जुळणारा रंग जातो, अस्सल बटणं जातात, आणि फोक्सवॅगन-स्कोडासारख्या गाड्यांत वेगाप्रमाणे आवाज आपोआप कमीजास्त होण्याची सोयही जाते. मूळचा टेप ठेवूनच फोनवरची गाणी ऐकायची असतील तर एफएम ट्रान्समीटर लावून आवाजाची माती करायची गरज नाही. त्या काळातल्या बहुतेक चांगल्या टेपना मागे सीडी चेंजरसाठी, म्हणजे अनेक सीडी ठेवून त्या बदलत वाजवणाऱ्या डब्यासाठी, कनेक्टर असायचा. चेंजर डिकीत किंवा सीटखाली बसायचा आणि टेप त्याच्याशी दोन-तीन वायरींवरून बोलायचा. ते बोलणं समजून घेतलं की एक स्वस्त मायक्रोकंट्रोलर (आपला प्रोग्रॅम भरता येणारी छोटी चिप) चेंजरचं सोंग घेऊ शकतो, आणि टेप बिनतक्रार आपल्या ब्लूटूथचा आवाज वाजवतो.

हा लेख नवशिक्यांसाठी आहे. सोल्डरिंग येत असेल आणि आर्डुइनोवर एखादा एलईडी लुकलुकवला असेल, तर एवढ्या भांडवलावर सुरुवात करता येते. उदाहरण म्हणून मी फोक्सवॅगन गटाच्या जुन्या टेपची सीडी चेंजर जोडणी घेतली आहे. शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेल्या जुन्या ऑक्टाव्हिया आजही आपल्याकडे रस्त्यावर आहेत, आणि ही पद्धत शिकायला दोन कारणांनी सोयीची आहे: दोन्ही दिशांचं बोलणं वेगवेगळ्या पद्धतीने चालतं, आणि कुठेही गुप्त सांकेतीकरण नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. क्रम मोडू नका. आधी व्होल्ट, मग वेळ, मग बिट, आणि सगळ्यात शेवटी अर्थ. बहुतेकांचं काम अडतं ते कुणाचा तरी तयार कोड सरळ चिपमध्ये भरल्यामुळे. तो चालला नाही की चूक वायरीत आहे, वेळेत आहे की आकड्यांत आहे हे कळायला मार्गच उरत नाही. प्रत्येक थर पक्का करून पुढे गेलात तर अडलात तरी कुठे अडलात ते माहीत असतं.

१. तुमच्या टेपमध्ये कोणत्या प्रकारची जोडणी आहे ते ओळखा

ढोबळमानाने पाच प्रकार भेटतात.

सगळ्यात सोपा प्रकार रेझिस्टरचा. पायोनियरच्या वायर्ड रिमोट सॉकेटमध्ये प्रत्येक बटण वेगळा रेझिस्टर ग्राउंडला जोडतं, टेप फक्त व्होल्टेज मोजतो. इथे उलगडण्यासारखं फार नाही, मल्टिमीटर पुरतो.

दुसरा प्रकार एका वायरीवरच्या पल्सचा. जेव्हीसीच्या अनेक टेपना स्टिअरिंग रिमोटसाठी असलेली वायर अशीच चालते. टीव्हीच्या रिमोटमध्ये जे इन्फ्रारेडने जातं, तेच इथे तांब्याच्या तारेतून जातं.

तिसरा प्रकार डेटा आणि क्लॉक (प्रत्येक बिट कधी वाचायचा याचा ठोका देणारी वायर) अशा वेगळ्या वायरींचा. आपलं उदाहरण दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराचं मिश्रण आहे.

चौथा, टोयोटाची एव्हीसी-लॅन, म्हणजे गाडीतली ऑडिओ-व्हिडिओ यंत्रं जोडणारं जाळं. ती एनईसी कंपनीच्या आयईबसवर बेतलेली आहे, दोन वायरींतल्या फरकावर चालते, आणि वेळेचं गणित नाजूक असतं. पहिल्याच प्रयत्नाला हिच्या वाटेला जाऊ नका.

पाचवा, कॅन बस, म्हणजे गाडीतले इलेक्ट्रॉनिक भाग एकमेकांशी ज्यावर बोलतात ते दोन वायरींचं जाळं. ही बॉशने विकसित करून १९८६ मध्ये जगापुढे ठेवली. नव्या गाड्यांत टेपही कॅनवर असतो. ऐकायला सोपी, पण त्याच जाळ्यावर गाडीतले इतर भागही असू शकतात. तिथे स्वतःचे संदेश पाठवण्याचा प्रयोग गाडीत कधीच करू नये, फक्त टेबलावर सुट्या टेपवर करावा.

२. सामान आणि कागदपत्रं

सामान:

– १२ व्होल्टचा पॉवर सप्लाय, करंटची मर्यादा घालता येणारा. २ ते ३ अँपियर पुरतात. मर्यादा नसलेला सप्लाय किंवा सुटी बॅटरी वापरणार असाल तर फ्यूजशिवाय वापरू नका.
– साधा डिजिटल मल्टिमीटर.
– आठ चॅनेलचा, २४ मेगाहर्ट्झचा स्वस्त लॉजिक ॲनालायझर (वायरींवरचे ० आणि १ वेळेसकट नोंदवणारं यंत्र), आणि संगणकावर सिग्रोक प्रकल्पाचं पल्सव्ह्यू हे मोफत सॉफ्टवेअर.
– आर्डुइनो नॅनो, ५ व्होल्टवर चालणारा. ३.३ व्होल्टवर चालणारा ईएसपी३२ हा दुसरा लोकप्रिय बोर्ड नको. कारण आठव्या पायरीत येईल.
– १ किलोओम आणि १० किलोओमचे मूठभर रेझिस्टर, बीसी५४७ ट्रान्झिस्टर, ब्रेडबोर्ड, बारीक टोकाच्या क्लिपा.
– एक जुना स्पीकर, ४ ओमचा.
– टेप बाहेर काढायच्या पोलादी पट्ट्या. स्क्रूड्रायव्हरने उचकटाल तर पुढची फ्रेम तुटते आणि ती सुटी मिळत नाही.
– जमलं तर मूळ सीडी चेंजर. त्याचा यांत्रिक भाग अडकलेला असला तरी चालेल, बोर्ड जिवंत हवं.

हे सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मिळतं. जुन्या टेप आणि चेंजरसाठी मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड बघावा.

कागदपत्रं:

– टेपचं कोड कार्ड. ते गाडीच्या पुस्तिकेसोबत असतं. हे नसेल तर टेपला हातही लावू नका. वीज तुटली की या टेप ‘सेफ’ असा शब्द दाखवतात आणि चार आकडी कोड मागतात. दोनदा चुकीचा कोड दिला की साधारण तासभर कुलूप लागतं, आणि त्या वेळात टेप चालू ठेवावा लागतो.
– टेपच्या झाकणावरच्या लेबलचा फोटो. पार्ट नंबर आणि बऱ्याचदा पिनांची आकृती त्यावरच असते.
– जुना टेप विकत घेत असाल तर बिल. चोरीच्या टेपचा धंदा मोठा होता, कोडची पद्धत त्याच्यासाठीच आली.
– एक वही. तिचं काम पाचव्या पायरीपासून सुरू होतं.

कायद्याबद्दल अनेकांना शंका असते म्हणून एवढं सांगतो: आपण टेपमधलं सॉफ्टवेअर काढत नाही किंवा नक्कल करत नाही, फक्त स्वतःच्या मालकीच्या यंत्राच्या वायरींवर काय जातं ते बघतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही, कायदेशीररीत्या जवळ असलेल्या प्रोग्रॅमशी दुसरा प्रोग्रॅम जुळवून घेण्यासाठी लागणारी आणि सहज न मिळणारी माहिती मिळवण्याला कलम ५२ च्या अपवादांत जागा दिलेली आहे.

३. टेप टेबलावर आणा

गाडीत वाकून हे काम करायचं नाही. अंधारात, एका हाताने, चालू बॅटरीवर केलेलं मोजमाप विश्वासाचं नसतं. टेप काढण्याआधी बॅटरीचं ऋण टोक सोडा. डॅशबोर्डच्या आत पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे असतात, त्यांना स्पर्श नको.

मागच्या बाजूला वीज आणि स्पीकरचे दोन मोठे कनेक्टर असतात. इथे पहिला सापळा आहे. नेहमीच्या आयएसओ मांडणीत वीजेच्या कनेक्टरची ४ नंबरची पिन कायमच्या १२ व्होल्टची आणि ७ नंबरची चावी फिरवल्यावर येणाऱ्या १२ व्होल्टची असते. फोक्सवॅगन गटात हे उलटं आहे: ७ वर कायमचा सप्लाय, ४ वर चावीचा. ८ नंबर ग्राउंड. बाजारातला टेप या गाड्यांत लावला की रोज घड्याळ आणि स्टेशनं पुसली जातात, त्याचं कारण हेच.

टेबलावर ८ ला ऋण, ७ आणि ४ दोन्हींना धन जोडा, करंट मर्यादा १ अँपियरवर ठेवा. याच कनेक्टरच्या ३ नंबरच्या पिनेवर या गटात निदानाची वायर असते आणि १ वर वेगाचा सिग्नल. दोन्ही मोकळ्या सोडा.

दुसरा सापळा स्पीकरचा. या टेपच्या आउटपुटची दोन्ही टोकं ‘जिवंत’ असतात, ऋण टोक म्हणजे ग्राउंड नव्हे. स्पीकरची कुठलीही वायर ग्राउंडला लागली की ॲम्प्लिफायरची चिप जाऊ शकते. ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप तिथे लावणं म्हणजेही तेच.

टेप सुरू झाला, कोड घेतला, रेडिओचा खरखराट ऐकू आला, की ही पायरी झाली.

४. व्होल्ट मोजा

चेंजरची जोडणी मिनी आयएसओ नावाच्या छोट्या, तीन भागांच्या कनेक्टरमध्ये असते. त्यातल्या शेवटच्या भागात १३ ते २० क्रमांकाच्या पिना येतात. १८, १९ आणि २० या ऑडिओच्या: अनुक्रमे ऑडिओचं ग्राउंड, डावा आणि उजवा. १३ ते १७ मध्ये डेटा, क्लॉक आणि १२ व्होल्ट असतात, पण त्यांचा क्रम टेप बनवणाऱ्यागणिक बदलतो. म्हणून कुठल्याही आकृतीवर, अगदी लेबलवरच्या आकृतीवरही, मोजल्याशिवाय विसंबू नका.

मोजायचं असं. टेप बंद असताना, चालू असताना, आणि सीडी निवडल्यावर, अशा तीन स्थितींत प्रत्येक पिनेचं ग्राउंडशी व्होल्टेज लिहून काढा. एका पिनेवर कायम १२ दिसेल: चेंजरचा सप्लाय. एकीवर टेप चालू केल्यावरच १२ येईल: चेंजरला जागं करणारी वायर. ज्या पिना ० आणि ५ च्या मध्ये राहतात त्या तुमच्या कामाच्या.

आता त्या पिनांपैकी प्रत्येकीला १० किलोओमचा रेझिस्टर ग्राउंडशी जोडून व्होल्टेज पुन्हा बघा. जवळजवळ तेवढंच राहिलं तर ती वायर टेप स्वतः जोराने चालवतो आहे, म्हणजे तिच्यावर टेप बोलतो. बरंच खाली आलं तर आत फक्त एक हलका पुल-अप (वायर ५ व्होल्टकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर) आहे, म्हणजे टेप तिच्यावर ऐकतो आहे आणि खाली ओढण्याचं काम समोरच्याचं आहे. एका रेझिस्टरने बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण याचा अंदाज येतो. तो वहीत लिहा आणि पुढच्या पायरीत पडताळा.

लॉजिक ॲनालायझरच्या इनपुटला साधारण ५ व्होल्टपर्यंतच चालतं. १२ व्होल्टच्या पिनेला त्याची क्लिप लागली तर तो गेलाच, आणि सोबत लॅपटॉपचा यूएसबी पोर्टही जाऊ शकतो. हे माप घेईपर्यंत ॲनालायझर टेबलावर आणूच नका.

५. रेकॉर्ड करा, एका वेळी एकच बदल

लॅपटॉप चार्जरवरून काढा आणि त्याच्या बॅटरीवर चालवा, म्हणजे ग्राउंडचे घोटाळे टळतात. ॲनालायझरचं ग्राउंड टेपच्या ग्राउंडला, आणि एकेक चॅनेल त्या ५ व्होल्टच्या वायरींना. पहिलं रेकॉर्डिंग जास्तीत जास्त वेगाने घ्या आणि सगळ्यात अरुंद पल्स किती रुंद आहे ते मोजा. त्या पल्समध्ये निदान दहा नमुने बसतील एवढा वेग पुढे कायम ठेवा. आपल्या उदाहरणात २ मेगाहर्ट्झ पुरतात.

काही टेप चेंजरचा आवाज ऐकल्याशिवाय तोंडच उघडत नाहीत. म्हणूनच खरा चेंजर जवळ असेल तर काम कितीतरी सोपं होतं: दोघांना एकमेकांशी बोलू द्या, तुम्ही मध्ये फक्त ऐका. सुरुवातीला या वायरींवर काहीही पाठवायचं नाही.

शिस्त अशी ठेवा. रेकॉर्डिंग सुरू, एकच बटण एकदाच दाबा, रेकॉर्डिंग बंद, फाइलला त्या बटणाचं नाव. तेच बटण आणखी दोनदा. मग पुढचं. प्रत्येक बटणाच्या तीन फाइली झाल्या की जे तिन्हींत सारखं आहे ते त्या बटणाचं, आणि जे एकाच फाइलीत आहे ते गोंगाट किंवा योगायोग. एका फाइलीत पाच बटणं दाबून ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांची पुढची संध्याकाळ कोणता संदेश कुठल्या बटणाचा हे शोधण्यात जाते.

काहीही न दाबता घेतलेलं एक मिनिटाचं रेकॉर्डिंगही हवंच. शांततेत काय चालतं हे माहीत नसेल तर बटणाने काय बदललं ते कळणार नाही.

६. टेप काय म्हणतो ते वाचा

टेपकडून चेंजरकडे जाणाऱ्या वायरीवर बटण दाबल्यावर एक आकृती दिसेल: साधारण ९ मिलिसेकंदांचा लांब पल्स, त्यानंतर ४.५ मिलिसेकंदांची जागा, आणि मग छोट्या पल्सची रांग. ज्यांनी टीव्ही रिमोटचे सिग्नल बघितले आहेत त्यांना हे लगेच ओळखू येईल, कारण एनईसीच्या रिमोट पद्धतीची ठेवण अशीच आहे. प्रत्येक छोटा पल्स सुमारे ५५० मायक्रोसेकंदांचा. माहिती पल्समध्ये नाही, त्यानंतरच्या अंतरात आहे: अंतर पुन्हा ५५० च्या आसपास असेल तर ०, सुमारे १७०० असेल तर १. असे ३२ बिट, म्हणजे ४ बाइट.

पल्सव्ह्यूमध्ये तयार डिकोडर आहेत, पण पहिला संदेश कागदावर हाताने वाचा. तो वाचलात की डिकोडरचं उत्तर बरोबर की चूक हे तुम्हाला स्वतःला सांगता येतं.

पल्सव्ह्यू बाइट षोडशमानात (हेक्समध्ये) दाखवेल. इथे मी सगळे आकडे दशमानात देतो. बिट ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने मांडले तर पहिले दोन बाइट प्रत्येक संदेशात सारखे येतात: ८३ आणि ४४. तिसरा बदलतो. चौथाही बदलतो, पण स्वैर नाही. ‘वाजव’ या आज्ञेत शेवटचे दोन २२८ आणि २७ येतात. ‘पुढचं गाणं’ मध्ये २४८ आणि ७. ‘मागचं गाणं’ मध्ये १२० आणि १३५. ‘थांब’ मध्ये १६ आणि २३९. प्रत्येक जोडीची बेरीज २५५. म्हणजे चौथा बाइट तिसऱ्याचाच उलटा, चुका पकडण्यासाठी ठेवलेला. ज्या संदेशात ही बेरीज जुळत नाही तो खराब रेकॉर्ड झाला आहे, फेकून द्या. याचा आणखी एक उपयोग: उलट्या जोडीमुळे ० आणि १ यांची संख्या प्रत्येक संदेशात तेवढीच राहते, म्हणून प्रत्येक संदेशाची लांबीही तेवढीच, सुमारे ६६ मिलिसेकंद. एखादा संदेश लांबीलाच वेगळा दिसला तर तो वाचायच्याही आधी बाजूला काढता येतो.

आता सीडी निवडायच्या सहा बटणांकडे या. त्यांचा तिसरा बाइट क्रमाने असा येतो: १२, १४०, ७६, २०४, ४४, १७२. यात काही क्रम दिसतो का? बहुतेक जण इथे हार मानून नुसती यादी बनवतात. यादीवर काम चालतं, पण हे आकडे बिटांत लिहून बघा:

१२ म्हणजे ००००११००
१४० म्हणजे १०००११००
७६ म्हणजे ०१००११००
२०४ म्हणजे ११००११००
४४ म्हणजे ००१०११००
१७२ म्हणजे १०१०११००

डावीकडून बदलणारे बिट नीट बघा. ते उजवीकडून वाचायचे आहेत. प्रत्येक ओळ उलटी केली की ४८, ४९, ५०, ५१, ५२, ५३ असे सरळ ओळीने आकडे मिळतात. टेप सगळ्यात लहान किमतीचा बिट आधी पाठवतो, आणि आपण तो सगळ्यात मोठा समजून वाचत होतो. एनईसीच्या पद्धतीतही लहान बिटच आधी जातो.

हा शोध मला या सगळ्या कामातला सगळ्यात देखणा भाग वाटतो, आणि तो सर्वत्र उपयोगी पडतो. कुठल्याही अनोळखी यंत्रात क्रमाने असायला हवी अशी बटणं शोधा: सीडी १ ते ६, स्टेशन १ ते ६, आवाजाच्या पायऱ्या. क्रम माहीत असलेल्या गोष्टीवरूनच बिटांचा क्रम, उलटसुलटपणा आणि मोजण्याची पद्धत हाती लागते. एकटं ‘म्यूट’ बटण काहीच शिकवत नाही.

सीडी बदलल्यावर काही मॉडेल पाठोपाठ ‘संपलं’ अशा अर्थाचा दुसरा संदेशही पाठवतात. तुमच्या तिन्ही फाइलींत तो असेल तर तो गोंगाट नाही.

७. चेंजर काय उत्तर देतो ते वाचा

इथे क्लॉकची वायर वेगळी आहे आणि क्लॉक चेंजर देतो. क्लॉकचे आठ ठोके, मग काहीशे मायक्रोसेकंदांची विश्रांती, पुन्हा आठ ठोके, असे आठ बाइट. एका बिटला साधारण १६ मायक्रोसेकंद, म्हणजे ६२.५ किलोहर्ट्झ. हा आठ बाइटचा संच साधारण दर ५० मिलिसेकंदांनी येत राहतो, कुणी विचारो न विचारो. तो थांबला की टेप चेंजर नाही असं धरून चालतो.

क्लॉकच्या ठोक्यावर बिट पाठवण्याच्या अशा पद्धतीला एसपीआय म्हणतात, म्हणून पल्सव्ह्यूत एसपीआय डिकोडर लावा. क्लॉक वर जाताना डेटा बदलतो, खाली येताना वाचायचा. याला मोड १ म्हणतात. चुकीचा मोड निवडला तरी डिकोडर आकडे दाखवतोच, फक्त ते एका बिटाने सरकलेले असतात. म्हणून डेटा नक्की कोणत्या कडेला बदलतो ते चित्र मोठं करून डोळ्यांनी बघा.

पहिली सीडी, पहिलं गाणं वाजताना संच असा दिसतो:

५२, १९०, २५४, २५५, २५५, २५५, २०७, ६०

आणि चेंजर जोडलेला आहे पण वाजत नाही, तेव्हा:

११६, १९०, २५४, २५५, २५५, २५५, १४३, १२४

दोन्ही एकाखाली एक मांडा. पहिल्या बाइटमध्ये ६४ चा फरक, सातव्यात ६४ चा, आठव्यात ६४ चा. म्हणजे तीन जागी एकच बिट पालटतो आहे. ‘वाजतो आहे की नाही’ ही माहिती तिथे आहे.

दुसरा बाइट सीडीचा. सीडी २ ला १८९, सीडी ३ ला १८८, असं करत सीडी ६ ला १८५. वाढत्या क्रमांकाला आकडा घटतो, म्हणजे सगळं उलटं करून पाठवलं जातं. २५५ मधून वजा केलं की ६५, ६६, ६७ असा सरळ क्रम येतो.

तिसरा बाइट गाण्याचा. पहिल्या गाण्याला २५४, दुसऱ्याला २५३, आणि नवव्याला २४६. नऊपर्यंत दर वेळी एकच कमी होतो आणि आता सगळं कळलं असं वाटतं. पण दहावं गाणं लावा. २४५ यायला हवं, येतं २३९. एकदम सातची उडी. २५५ मधून २३९ वजा केले की १६ उरतात. बाइटचे वरचे चार बिट दशक दाखवतात आणि खालचे चार एकक, म्हणून दहा म्हणजे वरच्या भागात १ आणि खालच्या भागात ०, ज्याची किंमत १६ होते. पडद्यावर दोन अंकी आकडा दाखवायचा असेल तर हीच पद्धत सोयीची पडते.

म्हणून माझा आग्रह आहे: तीन-चार गाणी बघून सूत्र ठरवू नका. ९ वरून १०, १५ वरून १६, ९९ च्या आसपास, अशा उंबरठ्यांवर मुद्दाम जा.

मधले २५५ म्हणजे उलट्या पद्धतीत शून्य. मिनिटं-सेकंदांची जागा तिथेच आहे.

८. आता तुम्ही बोला

खरा चेंजर काढा. दोन यंत्रं एकाच वायरीवर बोलू लागली तर एक वर ओढतं, दुसरं खाली, आणि मध्ये कुणाची तरी चिप तापते. नॅनोच्या प्रत्येक आउटपुट पिनेत १ किलोओमचा रेझिस्टर घाला. ५ व्होल्टच्या चुकीच्या वायरीला लागली तरी करंट ५ मिलिअँपियरपुढे जात नाही. चौथ्या पायरीत एखाद्या वायरीवर पुल-अप निघाला असेल तर ती थेट पिनेने चालवण्यापेक्षा बीसी५४७ ने खाली ओढणं जास्त सुरक्षित. त्यात सिग्नल उलटा होतो, तेवढं कोडमध्ये सांभाळा.

ईएसपी३२ टाळायचं कारण इथे आहे. त्याचा ‘वर’ म्हणजे ३.३ व्होल्ट, आणि ५ व्होल्टच्या अनेक चिपांना १ ओळखायला ३.५ लागतात. कधी चालतं, उन्हात तापलेल्या गाडीत चालत नाही. ईएसपी३२ च हवा असेल तर मध्ये ५ व्होल्टवर चालणारी, सिग्नल ५ व्होल्टपर्यंत उचलणारी ७४एचसीटी१२५ ही चिप टाका.

कोडचा क्रम असा ठेवा:

अ) फक्त ‘वाजत नाही’ चा संच दर ५० मिलिसेकंदांनी पाठवा. दुसरं काही नाही. स्वतःचा सिग्नल आधी ॲनालायझरवर खऱ्या चेंजरच्या रेकॉर्डिंगशेजारी ठेवून तपासा, मगच टेपला जोडा.

आ) टेपवर सीडीचं बटण दाबा आणि टेपकडून २२८ ची आज्ञा येते का बघा. आली की तुमचं बोलणं त्याला कळलं.

इ) ती आल्यावर ‘वाजतो आहे’ चा संच सुरू करा. पडद्यावर सीडी १, गाणं १ उमटेल आणि टेप ऑडिओच्या पिना आत घेईल.

ई) २४८ आणि १२० आले की गाण्याचा आकडा बदला. ब्लूटूथ मॉड्यूलला पुढे-मागे सांगणं सगळ्यात शेवटी.

१६ मेगाहर्ट्झच्या नॅनोचं हार्डवेअर एसपीआय सगळ्यात हळू चालवलं तरी १२५ किलोहर्ट्झला जातं, चेंजरच्या दुप्पट. म्हणून क्लॉक आणि डेटा सॉफ्टवेअरने हलवा. पण आठही बाइट एका दमात पाठवत बसलात तर कितीतरी मिलिसेकंद प्रोसेसर अडकतो आणि तेवढ्यात टेपचे पल्स निसटतात. एका वेळी एकच बाइट पाठवा आणि लूपमध्ये परत या. टेपची वायर ८ नंबरच्या पिनेला लावा, कारण तिथे टायमर १ चं इनपुट कॅप्चर आहे: कड कधी आली ती वेळ हार्डवेअर स्वतः नोंदवून ठेवतं आणि तुम्ही शे-सव्वाशे मायक्रोसेकंद उशिरा वाचली तरी आकडा बरोबर मिळतो. पल्सच्या मापांना दोन्ही बाजूंनी वीस टक्के सूट द्या. थंडीत आणि उन्हात घड्याळं थोडी सरकतात.

पडद्यावर चेंजर नसल्याचा संदेश राहिला तर क्रमाने बघा: ग्राउंड जोडलं आहे का, क्लॉक आणि डेटाच्या वायरी अदलाबदल झाल्या का, मोड बरोबर आहे का, संच वेळेवर जातो आहे का. आकड्यांना सगळ्यात शेवटी हात लावा.

९. गाडीत बसवताना

गाडीतले १२ व्होल्ट इंजिन चालू असताना १४ च्या वर असतात आणि मध्येच काही दशक व्होल्टचे झटके येतात. सुरुवातीला १ अँपियरचा फ्यूज, मग व्होल्टेजचे झटके गिळणारा १८ व्होल्टचा टीव्हीएस डायोड, मग ४० व्होल्ट इनपुट सोसणारा एलएम२५९६ सारखा कन्व्हर्टर, आणि त्यापुढे ५ व्होल्ट. नॅनोच्या ‘व्हिन’ पिनेला गाडीची वायर थेट लावू नका.

ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज येत असेल तर तो ग्राउंड लूप, म्हणजे ग्राउंड दोन वाटांनी जोडलं गेल्याचा दोष. ऑडिओचं ग्राउंड फक्त १८ नंबरच्या पिनेला जोडा, बॉडीला नको. तरी राहिला तर ब्लूटूथ मॉड्यूल आणि टेप यांच्यात ऑडिओचा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. बाजारात तो ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ म्हणून मिळतो.

सर्किट प्लॅस्टिकच्या डबीत, फोमने गुंडाळून, टेपच्या मागे नव्हे तर ग्लोव्ह बॉक्सच्या बाजूला बसवा. टेपची पाठ तापते, आणि पुढे कोड बदलायचा असेल तेव्हा यूएसबीपर्यंत हात पोचायला हवा.

शेवटचं माप बंद गाडीतलं. सर्किटचा सप्लाय चेंजरला जागं करणाऱ्या १२ व्होल्टच्या वायरीने चालू-बंद होईल असा करा. तो कायमच्या वायरीवर राहिला आणि २० मिलिअँपियर जरी खात राहिला तरी पंधरा दिवसांत ७ अँपियर-तास जातात. जुनी बॅटरी तेवढ्याने सकाळी स्टार्टर फिरवत नाही. मल्टिमीटर १० अँपियरच्या रेंजवर ठेवून बॅटरीच्या ऋण टोकाशी सिरीजमध्ये लावा, गाडी लॉक करा, सगळे दिवे विझून गाडी झोपेपर्यंत थांबा, मग आकडा लिहा. आता तुमच्या सर्किटचा फ्यूज काढून पुन्हा बघा. दोन आकड्यांत फरक दिसायला नको. मीटर लावलेला असताना चावी फिरवायची नाही, स्टार्टरचा करंट त्याच्यातून गेला तर मीटरचा फ्यूज उडतो.